नेहमीचा फटका

राहुरीत गोल्फचं मैदान नाही. ऊस आहे, मुळा धरणाचं पाणी आहे, 1968 साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आहे. खेळायचं तर नगर, सुपे, शिरूर करत पुणं गाठायचं. वाघोलीच्या गर्दीतून एकदा सुटलं की येरवड्याचं पूना क्लबचं मैदान फार लांब राहत नाही, एवढाच दिलासा. निवृत्तीनंतर हा नाद लागला तेव्हा गावातल्या एका मित्रानं विचारलं, "कोयता धरायच्या वयात धरला नाहीस, आता ही काठी कशाला?" त्याला वाटलं तितका तो प्रश्न तिरका नव्हता. माझी सगळी नोकरी शेती अवजारांत गेली. खुरप्याची मूठ केवढी असावी, कोळप्याचा दांडा किती उंच असावा, हे मोजण्यात. त्यामुळे पुण्यात आयर्नचं माप द्यायला गेलो तेव्हा समोर आलेलं बरंचसं मला ओळखीचं वाटलं.

आयर्न म्हणजे धातूच्या पात्याची काठी. पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवायची मुभा, त्यातल्या निम्म्या तरी आयर्न असतात. आकडा वाढत जातो तसा दांडा आखूड होतो आणि पातं अधिक तिरपं होतं. चेंडू उंच जातो, जवळ पडतो. पूर्वी दांडे हिकरीच्या लाकडाचे असत आणि काठ्यांना मॅशी, निब्लिक अशी नावं असत. पोलादी दांड्याला अमेरिकेत 1924 साली आणि स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजकडून 1929 साली मान्यता मिळाली. त्यानंतर एकसारखे दांडे कारखान्यात होऊ लागले, नावं गेली, आकडे आले. सोय झाली खरी, पण कारखान्यानं 'प्रमाण' म्हणून जो माणूस डोळ्यांपुढे ठेवला तो साधारण पाच फूट दहा इंचांचा. आपल्या शेतात राबणाऱ्या पुरुषाची सरासरी उंची साडेपाच फुटांच्याही आतली आहे. मीही त्यातलाच.

ही गोष्ट गांभीर्यानं घेतली ती कार्स्टन सोल्हाइम यानं. नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला हा माणूस मोची बापाचा मुलगा. स्वतःही चपला-बुटांच्या दुकानात काम केलेला, नंतर जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर. 1959 साली त्यानं घराच्या गॅरेजमध्ये पिंग ही कंपनी सुरू केली. उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, या दोन मापांवरून काठीचा कोन ठरवायचा आणि त्या कोनाप्रमाणे पात्यावर रंगीत ठिपका द्यायचा, ही पद्धत त्याच्या कंपनीनं सत्तरच्या दशकात रूढ केली. ज्यानं लोकांच्या पायांची मापं घेतली होती त्यालाच हे सुचावं, यात मला तरी नवल वाटत नाही.

या कोनाला लाय म्हणतात. पात्याचा तळ जमिनीवर सपाट टेकला असताना दांडा जमिनीशी जो कोन करतो तो. सेव्हन आयर्नला तो 62-63 अंशांच्या आसपास असतो. लाय गरजेपेक्षा उभा असला तर पात्याचं पुढचं टोक हवेत राहतं, टाच जमिनीत रुतते आणि उजव्या हातानं खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो. पडका असला तर उलट. कारण साधं आहे: पातं मागे तिरपं असतं, ते बाजूला कलंडलं की त्याच्या तिरपेपणाची दिशाही कलंडते. म्हणून जास्त तिरप्या, म्हणजे मोठ्या आकड्यांच्या काठ्यांत ही चूक जास्त नडते, आणि नेमकं तिथेच आपल्याला चेंडू झेंड्याजवळ हवा असतो.

त्या दोन मापांच्या तक्त्याप्रमाणे माझा लाय प्रमाणापेक्षा पडका निघाला. बुटका माणूस, हात लांब. हिशेब बरोबर होता. पण फिटिंग करणारा मुलगा तक्त्यावर थांबणारा नव्हता. त्यानं चेंडूच्या मागच्या बाजूला मार्करनं एक उभी रेघ मारली, ती पात्याच्या समोर येईल असा चेंडू ठेवला आणि म्हणाला, "सर, नेहमीसारखा मारा." फटका बसला की शाई पात्यावर उठते. रेघ सरळ उठली तर लाय बरोबर. माझी रेघ वरच्या टोकाला टाचेकडे झुकलेली होती, म्हणजे तक्त्याप्रमाणे हातात दिलेली पडकी काठी मला आणखी उभी हवी होती! उभं राहून घेतलेलं माप आणि फिरताना घेतलेलं माप यांत हा फरक पडतो. काठी वेगानं खाली येते तेव्हा हात वर उचलले जातात, पात्याच्या वजनानं दांडा खाली वाकतो, आणि शांत उभ्या माणसाचा कोन तिथे राहत नाही.

हे मी शेतात पाहिलेलं होतं. खुरप्याचा नवा नमुना घेऊन आम्ही बांधावर जायचो, बायका तो हातात धरून "चांगला हाये की" म्हणायच्या. वाफा निम्मा झाला की त्यांची मूठ हळूहळू सरकलेली असायची. एकदा एक बाई म्हणाली, "साहेब, खुरपं ब्येस हाये, पन मनगाट भरून येतंय." हातात धरून पसंत केलेलं अवजार आणि राबताना सोसणारं अवजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाईट असं की माणूस तक्रार न करता अवजाराशी जुळवून घेतो. दांडा आखूड असला तर पाठ वाकवतो. गोल्फर चुकीच्या लायशी असंच जुळवून घेतो: चेंडू डावीकडे जातो म्हणून नकळत उजवीकडे तोंड करून उभा राहतो. मग बरोबर मापाची काठी आली की चेंडू काही आठवडे भलतीकडेच जातो आणि फिटिंगला नावं ठेवली जातात. आधी शिकवणी की आधी फिटिंग, हा वाद म्हणूनच संपत नाही. माझं मत विचाराल तर लांबी, लाय आणि मुठीची जाडी सुरुवातीलाच जुळवून घ्यावी. महागडा दांडा स्विंग स्थिरावल्यावर.

दांड्याबद्दल दोनच शब्द. त्यावर आर, एस अशी अक्षरं असतात, ती लवचीकपणा सांगतात असा समज आहे. या अक्षरांना सगळ्या कंपन्यांना बांधणारं कोणतंही प्रमाण नाही. एकीचा आर दुसरीच्या एसइतका ताठ असू शकतो. बियाण्याच्या पिशवीवर असं चाललं असतं तर आमच्याकडे मोर्चा निघाला असता. वजन मात्र खरं बोलतं: पोलादी दांडे साधारण 95 ते 130 ग्रॅमचे, ग्रॅफाइटचे त्याहून बरेच हलके. साठीनंतर वजनाकडे आधी पाहावं.

आता मुद्द्याचं. फटके मारायला लागलो की दुकानातल्या पडद्यावर वेग, उंची, फिरकी, अंतर असे आकडे उमटत जातात. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की जमिनीला घासून गेलेले, टोकाला लागलेले फटके पडद्यावरून नाहीसे होताहेत. मी विचारलं. मुलगा प्रामाणिक होता. "सर, मिसहिट काढल्या की आकडे स्वच्छ दिसतात." बऱ्याच ठिकाणी हीच रीत आहे. मी त्याला म्हटलं, "बाबा, त्याच माझ्या. चांगला लागलेला तो योगायोग."

अवजारांच्या शास्त्रात हा प्रश्न केव्हाच सुटलाय. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं 2009 साली भारतीय शेतकामगारांच्या शरीरमापांचं संकलन प्रसिद्ध केलं, स्त्री-पुरुषांची 79 मापं. ती वापरायची पद्धत अशी: मुठीची जाडी ठरवताना सगळ्यांत लहान हातांच्या पाच टक्के बायका डोळ्यांसमोर ठेवायच्या, मोकळी जागा सोडताना सगळ्यांत थोराड पुरुष. सरासरीवर किंवा सशक्त माणसावर कोणी खुरपं बेतत नाही. गोल्फमध्ये मात्र हौशी खेळाडूच्या सर्वोत्तम फटक्यावर काठी बेतून विकली जाते, कारण सर्वोत्तम फटका लांब जातो आणि लांबी विकली जाते.

लांबीचीही गंमत आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी सेव्हन आयर्नचं पातं 36 अंशांच्या आगेमागे तिरपं असे. आज हौशी खेळाडूंसाठीचे अनेक सेव्हन आयर्न 30 अंशांचे, काही त्याहूनही सरळ. म्हणजे पात्यावर सात लिहिलेलं, काम जुन्या पाचचं. मंद स्विंगच्या माणसाचा चेंडू अशा पात्यावरून सपाट जातो, तिरका उतरतो आणि हिरवळीवर न थांबता पलीकडच्या वाळूत जातो. पडद्यावर दहा यार्ड जास्त दिसले म्हणून खूश व्हायचं कारण नाही. चेंडू किती उभा खाली येतो तो आकडा बघावा. 45 अंशांच्या जवळ असेल तर तो थांबतो.

दुसरं म्हणजे चटई. दुकानात फटके चटईवरून मारतात. चेंडूच्या आधी जमिनीला लागलेली काठीसुद्धा चटईवर घसरून चेंडूला बरी लागते. आमच्या काळ्या रानात मेमध्ये हा प्रयोग करून बघा, मनगट झिणझिणेल. जुलैत करा, पातं चिखलात राहील. काठीच्या तळाचा फुगवटा, ज्याला बाऊन्स म्हणतात, तो कडक जमिनीला कमी आणि मऊ जमिनीला जास्त लागतो. दख्खनचं मैदान वर्षातून दोनदा जात बदलतं, आणि चटईला त्यातलं काही माहीत नसतं.

शेवटी मी नवा सेट घेतला नाही. माझे जुने आयर्न मऊ पोलादाचे, घडवलेले. त्यांची मान पकडीत धरून वाकवता येते. ओतीव कडक पोलादाला हे फारसं सोसत नाही. मुलानं लाय दोन अंश उभा केला आणि पकडीचा रबर बदलून बारीक बसवला. अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्यातला, उदयन माने पुण्याचाच, दोघंही टोकियो ऑलिम्पिक खेळले. त्यांच्या काठ्या अर्ध्या अंशासाठी वाकवल्या जात असतील, त्यांना तो अर्धा अंश कळतोही. मला दोन कळले, पुष्कळ झालं.

तुम्ही जाणार असाल तर रोजचे बूट घालून जा आणि जुना सेव्हन आयर्न बरोबर न्या. नव्या काठीचा तिरपेपणा किती अंश, हे कागदावर लिहून मागा. आणि पहिला चेंडू मारण्याआधीच सांगा, की एकही फटका पुसायचा नाही. सगळ्या फटक्यांच्या हिशेबात नवी काठी जुनीपेक्षा बरी ठरली नाही, तर लाय वाकवून घ्या आणि पाकीट खिशात ठेवून घरी या.