दारातच विचारावं

आज थोडा वेगळा विषय. कर्नल. सैन्यातला नव्हे, संगणकातला! लिनक्सचा हा गाभा. कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर कधी द्यायचा आणि कधी काढून घ्यायचा, हे तोच ठरवतो. तो हे कसं करतो यावर नजर ठेवणारी हत्यारं असतात, त्यांना ट्रेसर म्हणतात. सर्व्हर अचानक मंद का झाला हे शोधायचं, तर या साक्षीदाराची वही उघडावी लागते. एलटीटीएनजी आणि सिस्टमटॅप ही त्यातली जुनी नावं, दोन्ही २००५ ची. त्याच्या आदल्याच वर्षी २.६.९ या कर्नलात ‘केप्रोब्ज’ आलं. चालत्या कर्नलला हवी तिथे खिडकी पाडून आत बघायची ही सोय. त्या फाइलच्या माथ्यावर वंशी कृष्णा आणि प्रसन्ना पंचमुखी अशी आय.बी.एम.मधली आपल्याकडची नावं आहेत. मुलाने दाखवली तेव्हा बरं वाटलं.

या साक्षीदारांची एक पंचाईत असते. बाहेरच्या प्रोग्रॅमना दिलेला शब्द कर्नल सहसा मोडत नाही. आतली मांडामांड मात्र कधीही बदलते, आणि ती मोकळीक आम्हाला हवीच असं कर्नलवाल्यांचं जाहीर धोरण आहे. ट्रेसरचं मॉड्यूल चालतं कर्नलच्या आत, पण लिहिलं जातं बाहेर. म्हणजे भाडेकरूच म्हणा ना! मालकाने भिंत हलवली की याचं कपाट बसत नाही. त्यालाच ही मंडळी ‘बिल्ड फेल’ म्हणतात.

मुलगा ऐरोलीच्या एका कंपनीत आहे. त्यांचं स्वतःचं असं एक छोटं मॉड्यूल होतं. मे २०२२ मध्ये ५.१८ हे कर्नल आलं. पुढे ते त्यांच्या यंत्रांवर चढवलं आणि मॉड्यूल बिल्ड होईना. मी म्हटलं, मला मराठीत सांग.

त्याने सांगितलं ते असं. एका प्रोग्रॅमकडून प्रोसेसर काढून दुसऱ्याला दिला की कर्नल तशी वर्दी देतो. पण जाणारा अजून चालायला तयार आहे, की कशाची तरी वाट बघत झोपला, ही त्याची अवस्था वर्दीत नसायची. नोंद करताना ती पुन्हा वाचली जायची. तेवढ्या निमिषात दुसऱ्या प्रोसेसरने त्याला जागं केलेलं असू शकतं. मग नोंद चुकते. म्हणून ५.१८ पासून ती अवस्था एकदाच वाचून वर्दीबरोबर पाठवतात. वर्दीत तीन गोष्टी असायच्या, त्या चार झाल्या. नवी गोष्ट आधी मधेच घातली होती, त्याने इतरांचे प्रोग्रॅम मोडले, म्हणून ती शेवटी नेली.

मला हे लगेच पटलं. वर्गाबाहेर जाणाऱ्या मुलाला कारण दारातच विचारावं. फळ्यावरचं लिहून झाल्यावर वळून बघितलं तर तो जागेवर आलेला असतो, आणि नोंदवहीत काय लिहायचं हा प्रश्न पडतो.

दुरुस्तीचा एक सोपा मार्ग होता. चौथी गोष्ट नुसती घ्यायची, वापरायची नाही, आणि अवस्था पूर्वीसारखीच पुन्हा वाचायची. कंपायलर गप्प बसतो, वरिष्ठ खूश होतात. त्यांना संध्याकाळपर्यंत हवं होतं. मुलाला दोन दिवस लागले. जुन्या कर्नलची यंत्रंही चालू होती, म्हणून दोन्ही पद्धती ठेवाव्या लागल्या. त्यात कर्नलचा नुसता क्रमांक बघून भागत नाही, कारण काही वितरक नवे बदल जुन्या क्रमांकाच्या कर्नलात घालतात. दोन्ही रात्री तो शेवटच्या गाड्यांनी नेरूळला आला आणि जेवताना एक शब्द बोलला नाही. त्या वर्षी त्याची बढती हुकली. याच कारणाने, असं मी म्हणणार नाही.

मागच्या पानावरचं उत्तर बघून मधल्या पायऱ्या जुळवणारी मुलं मी खूप पाहिली. उत्तर बरोबर आल्यामुळे त्यांची चूक कोणी शोधतच नाही. कंपायलर ओरडतो तेव्हा निदान कळतं की खाली काहीतरी हललं आहे. त्याला नुसतं गप्प केलं तर वही भरत राहते आणि तिच्यावर विसंबून कोणीतरी भलत्याच प्रोग्रॅमला दोषी ठरवतो.

असो. त्या ओळीच्या वर मुलाने टीप लिहून ठेवली आहे, ही चौथी गोष्ट का आली आणि ती का वापरायची याची. आतल्या भिंती पुढेही हलतीलच. तेव्हा त्या खुर्चीत जो कोणी असेल, त्याला दोन दिवस लागू नयेत.