एक नाव, दोन मुले

मुलाच्या वेगळेपणाला नाव मिळाले की आईवडिलांना निम्मा धीर येतो. परंतु तेच नाव पुढे वैद्यकाच्या ग्रंथातून पुसले गेले तर? शीळफाट्याच्या आमच्या कुटुंबापुढे हा प्रश्न उभा राहिला. दादांच्या मुलाचे निदान २००९ साली 'अस्पर्जर' असे झाले; आमच्या कन्येचे २०१७ साली 'स्वमग्नता, दुसरी पातळी' असे.

पुतण्या कल्याण-पनवेल मार्गावरील गाड्यांच्या वेळा घडाघडा सांगतो. ऐकणारा कंटाळला आहे, हे मात्र त्याला उमगत नाही. कन्या बोलत नाही. फाट्यावर कंटेनरचा भोंगा वाजला की कान झाकून भिंतीशी बसते. "दोघांना एकच कसे?" असे मिस्सानंतर आप्तेष्ट विचारतात. "आमचा मुलगा तुमच्या मुलीसारखा नाही," असे वहिनीही एकदा म्हणाल्या. ते शब्द आम्हांला लागले. त्यांमागची भीतीही कळली.

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन केले. १९४४ साली व्हिएन्नात हान्स अस्पर्जर यांनी अशाच, पण बोलक्या मुलांचे. १९८१ साली लोर्ना विंग यांनी अस्पर्जरांचे नाव रूढ केले. मात्र ह्या छटा एकाच पटातल्या आहेत, असेही त्या म्हणत. १९९४ च्या अमेरिकन नियमावलीने स्वतंत्र कप्पे पाडले. बोलण्यास उशीर नाही आणि बुद्धी वयानुरूप, तर अस्पर्जर. व्यवहारात तेच मूल एका दवाखान्यात एका कप्प्यात पडे, दुसऱ्यात दुसऱ्या. म्हणून २०१३ साली कप्पे मोडून नाव एकच ठेवले गेले. आता भेद करतात तो आधार किती लागतो ह्यावरून, तीन पातळ्यांत.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या कायद्यातील एकवीस अपंगत्वांत तिला स्थान मिळाले. आरक्षणासारख्या सवलतींना किमान चाळीस टक्के लागतात.

पुतण्या पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला, पण वरिष्ठांचे सूचक बोलणे न कळल्याने दोन नोकऱ्या गेल्या. कन्येला आंघोळीलाही हात द्यावा लागतो. त्याची अडचण दिसत नाही, हिची लपत नाही. आमच्यानंतर दोघांचे कोण, ही चिंता मात्र दोन्ही घरांत सारखीच आहे. वहिनी आता कन्येला सायंकाळी आपल्याकडे नेतात. पुतण्या तिच्यासाठी खिडक्या लावून घेतो. भोंग्याचा त्रास त्यालाही होतो, हे आम्हांला तेव्हा कळले.

वाचकहो, अशा घरी गेलात तर कोणता प्रकार, हे जरूर विचारा. पण मुलाला कशाचा त्रास होतो, हेही विचारा.