भराव आणि खालची वस्ती

अमेरिकेतल्या ओक्लाहोमात कॉर्डेल गावाजवळ क्लाउड क्रीक नावाचा ओढा आहे. त्यावर १९४८ साली मातीचा एक छोटा बांध पुरा झाला. पूर खाली नदीत नाही, वर ओढ्यातच अडवायचा, या सरकारी योजनेतला हा पहिला बांध. आज अमेरिकेत असे जवळपास १२ हजार आहेत.

*

धरण भरलं की आपल्याकडे जलपूजन, खण-नारळ, पेपरात फोटो. हा बांध मात्र रिकामा असेल तरच कामाचा. तळाशी गाळासाठी सोडलेल्या जागेत डबकं, वरची सगळी जागा पुराची वाट बघत कोरडी. पूर आला की पाणी काँक्रीटच्या उभ्या तोंडात पडतं आणि भरावाखालच्या पाइपातून बेताबेतानं ओढ्यात उतरतं. त्यानंही भागलं नाही, तर बाजूला गवत लावलेला सांडवा.

*

तिकडे धोक्याचे वर्ग तीन : कमी, लक्षणीय, उच्च. ‘उच्च’ म्हणजे तडे गेलेला, गळका बांध, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. साफ चूक. बांध फुटला तर खाली काय जाईल, एवढंच त्यात पाहतात. शेतं आणि आडरस्ता गेला तर कमी. माणसं वाचतील पण मोठा रस्ता, पाणीपुरवठा तुटेल, तर लक्षणीय. एक जरी जीव जाण्याचा संभव असला तरी उच्च. बांधाची तब्येत वेगळ्या रकान्यात. म्हणजे ठणठणीत बांध उच्च वर्गात आणि खिळखिळा बांध कमी वर्गात, असंही होतं.

*

म्हणून बांधाला कुणी हात न लावताही वर्ग बदलतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी खाली गव्हाची शेतं होती. तिथे घरं आली. बांध तोच, सांडवा तेवढाच, पण नव्या वर्गाच्या हिशेबानं तो सांडवा आता अपुरा. त्यातून यातल्या बऱ्याच बांधांचं आयुष्य मुळात ५० वर्षांचंच धरलेलं. दुरुस्तीसाठी २००० साली तिकडे वेगळा कायदा करावा लागला.

*

आपला धरण सुरक्षा कायदा २०२१चा. धोक्याची वर्गवारी त्यातही आहे, पण दारात आधी उंची मोजतात. १५ मीटरहून उंच असेल तर आत. १० ते १५ मीटर असेल तर आणखी काहीतरी दाखवावं लागतं : ५०० मीटर लांबीचा माथा, किंवा १० लाख घनमीटर साठा, किंवा तसंच काही. १० मीटरच्या आतला बांध बाहेर, मग खाली अख्खी वाडी का असेना.

*

तिवरे, तालुका चिपळूण. २ जुलै २०१९ची रात्र. मातीचं धरण फुटलं आणि पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली. वीसच्या आसपास माणसं गेली. गळती आधीपासून होती, असं गावकरी सांगत होते. मंत्र्यांनी भरावात बिळं करणाऱ्या खेकड्यांकडे बोट दाखवलं आणि सगळा महाराष्ट्र हसला. (बिळं हा तपासणीतला खराच मुद्दा असतो, तिकडेही बांध पोखरणारे प्राणी शोधतात, भरावावर झाड वाढू देत नाहीत. पण बीळ दिसायला भरावावरून कुणीतरी चालावं लागतं.)

*

आमच्याकडच्या एका पाझर तलावावर गेलो होतो. म्हातारा मुकादम भरावाच्या पायथ्याशी उकिडवा बसला, झिरपणारं पाणी ओंजळीत घेऊन उन्हाकडे धरलं.

“नितळ हाय. नितळ असंल तर झिरपू द्या. गढूळ आलं की समजायचं, माती आतनं चालली.”

ओंजळ चड्डीला पुसून तो उठला. ओढ्याच्या दोन्ही काठांना फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या दिसल्या. चौकोन, मधून रस्ता.

“हे कधी झालं?”

“प्लॉट व्हय? दिवाळीनंतर, सायेब.”