एक जामीन

बदरुद्दीन तय्यबजी १८६७ सालीं बॅरिस्टर झाले, १८८७ सालीं मद्रासच्या काँग्रेसचे अध्यक्ष आणि १८९५ सालीं मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति. मला मात्र ते आठवतात एका जामिनासाठीं. १८९७ सालीं राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगांत असलेल्या टिळकांना आधीं नाकारलेला जामीन त्यांनीं दिला. निकालापूर्वीं शिक्षा नको, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हां टिळकांच्या बाजूनें उभे राहिलेले बॅरिस्टर दावर पुढें स्वतः न्यायमूर्ति झाले. १९०८ सालीं त्यांनींच टिळकांना जामीन नाकारला. न्यायासन तेंच, आरोपीही तोच. बदलला होता तो वर बसणारा माणूस. मुलांच्या तक्रारी ऐकतांना, त्यांचें बोलणें संपण्यापूर्वींच माझा निकाल तयार असतो. अशा वेळीं हे दोघे न्यायमूर्ति आठवतात, आणि मी मुकाट्यानें पुन्हां ऐकूं लागतों.