उनाईचे ऊन पाणी

आमच्या शाळेची सहल बहुधा उनाईलाच जाते. पलसाण्याहून एका दिवसात परतता येते आणि खर्चही बेताचा. वांसदा तालुक्यातील या देवस्थानाच्या कुंडाचे पाणी बारमाही ऊन असते. शरभंग ऋषींसाठी श्रीरामांनी बाण मारून ते काढले, सीतामाई त्यात न्हाल्या व ‘हूं नाही’, म्हणजे गुजरातीत ‘मी न्हाले’, असे म्हणाल्या. त्यावरून उनाई, अशी आख्यायिका आहे. मराठी कानाला तो नकार वाटतो, हा विनोद आम्ही दरवर्षी न चुकता करतो. कोकणातील उन्हवरे व खानदेशातील उनपदेव ही भावंडे आठवली की आम्हांला मात्र व्युत्पत्ती ‘ऊन’ या शब्दातच दिसते.

आठ-दहा वर्षांपूर्वी तेथेच सातवीतील एका मुलाने विचारले, “सर, आपल्या शाळेत खोल बोअर मारला तर असेच पाणी लागेल ना? खिचडीचा गॅस वाचेल.” आम्ही हसलो. आम्ही हसलो म्हणून वर्ग हसला. त्या मुलाने पुढे वर्षभर एकही प्रश्न विचारला नाही.

ते मनाला लागून राहिले, म्हणून आम्ही वाचू लागलो. भूगर्भात दर किलोमीटरला उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. म्हणजे मुलगा चुकला नव्हता. अडचण होती ती पाण्याची. उनाईला ते खडकातील भेगांतून आपण होऊन वर येते. जेथे अशी भेग नाही तेथे खडकानेच पाणी साठविले आणि सोडले पाहिजे. वालुकाश्म हे करू शकतो. अंकलेश्वरला १९६० साली तेल लागले ते वालुकाश्मांतच. मात्र वाळूच्या कणांमध्ये नुसत्या पोकळ्या असून भागत नाही, त्या एकमेकींना जोडलेल्या हव्यात. त्यांत चिकणमाती बसली, किंवा खोलवरच्या दाबाने व उष्णतेने कण सांधले गेले, की खडक तापलेला पण विहीर कृपण! अधिक खोल जावे तर ऊब वाढते आणि वाट अरुंद होते. डेन्मार्कमधील थिस्टेड गावी सव्वा किलोमीटर खोलीच्या वालुकाश्मातील सुमारे ४४ अंशांच्या पाण्यावर १९८४ पासून घरे उबदार ठेवण्यात आली. उलट लिथुआनियातील क्लैपेडा येथे निवालेले पाणी परत खडकात मुरेना. ते केंद्र २०१७ साली बंद पडले.

तो मुलगा आता कडोदऱ्याला एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर आहे. गेल्या महिन्यात बाजारात भेटला, तेव्हा आम्ही त्याला थांबवून हे सारे सांगितले. त्याला सहल आठवत होती. पिशवी खाली ठेवून त्याने विचारले, “मग सर, आपल्या पलसाण्याखाली कोणता खडक आहे?”

त्याचे उत्तर आम्ही रविवारी देण्याचे कबूल केले आहे.