लवासा पुन्हा उभे राहील, पण कोणत्या स्थानिकांसाठी?

मागच्या भीमजयंतीला आमच्या वडनेरच्या वस्तीतला एक पोरगा पुण्याहून गावी आला होता. तिकडे तो सिक्युरिटी गार्ड आहे. बुद्धविहारात बसल्या बसल्या म्हणाला, "ताई, लवासा पुन्हा चालू होनार म्हणते. तिथल्या लोकायले काम भेटन." त्याच्या बोलण्यात आशा होती. मी त्या वेळी काही बोलले नाही, पण 'तिथले लोक' हा शब्द मनात राहून गेला. तिथले लोक म्हणजे नेमके कोण?

एम.ए. समाजशास्त्राला असताना मी लवासा पाहिले आहे. वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी दासवे येथे रंगीबेरंगी इमारती, आणि थोडे पुढे गेले की अर्धवट सांगाडे. शहर म्हणावे तर माणूस नाही, गाव म्हणावे तर शेत नाही.

ही परिस्थिती एका दिवसात आलेली नाही. २००१ मध्ये शासनाने मुळशी-वेल्हे तालुक्यांतील १८ गावांचा परिसर गिरिस्थान म्हणून जाहीर केला. धरणासाठी घेतलेल्या जमिनीपैकी शंभर हेक्टरहून अधिक जमीन पुढे कंपनीला भाडेपट्ट्याने मिळाली. धरणाच्या नावाने घेतलेली जमीन पर्यटनाच्या नावाने गेली! २००८ मध्ये कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला गेला. म्हणजे बांधणारी कंपनी आणि बांधकामाला परवानगी देणारीही तीच. मग ग्रामपंचायतीने काय फक्त पाहत बसायचे? हा दर्जा २०१७ मध्ये काढून घेतला गेला. तोवर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले होते, पुढच्या वर्षी अटींवर परवानगी मिळाली होती आणि कर्जाचा डोंगर वाढला होता. २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेले. जुलै २०२३ मध्ये डार्विन प्लॅटफॉर्म या कंपनीची १,८१४ कोटींची योजना मंजूर झाली. ती अमलात न आल्याने २०२४ मध्ये मंजुरीच रद्द झाली.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. दिवाळखोरीच्या कायद्यात कंपनी कोणाच्या हाती द्यायची, हे धनकोंची समिती मतदानाने ठरवते. त्यात बँका आहेत. २०१८ च्या दुरुस्तीनंतर घर विकत घेणारेही धनको ठरले आणि ते योग्यच झाले. पण ज्याची जमीन गेली, ज्याची गुरे चरण्याची वाट बंद झाली, त्या कातकऱ्याला त्या समितीत खुर्ची नाही. कारण त्याच्याकडे कागद नाही. जमीन गेली तेव्हाही हेच झाले होते. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसूनही अनेक कातकरी कुटुंबांचे नाव सातबाऱ्यावर नव्हते. काहींना कमाल जमीन धारणा कायद्याखाली जमिनी मिळाल्या होत्या, त्यांच्या विक्रीवरूनही वाद झाले. म्हणजे जमीन घेताना त्याला मोजले नाही आणि आता दिवाळे वाटतानाही मोजत नाहीत.

म्हणून 'स्थानिकांचा फायदा' या शब्दाने आपण फसू नये. स्थानिक हा एकजिनसी समाज नाही. ज्याच्या नावावर वीस एकर होते, त्याने जमीन विकून पुण्यात फ्लॅट घेतला असेल, हॉटेल टाकले असेल, ठेकेदारी मिळवली असेल. तोही स्थानिक. आणि ज्याची झोपडी हलली, तोही स्थानिक. पुनर्विकासाच्या जाहिरातीत दोघांचा फोटो एकच असतो. गावात जात असते, हे विसरून काढलेली सरासरी नेहमी वरच्याच्या सोयीची असते.

मग लवासा पडूनच राहावे का? नाही. बंद इमारतींनी कोणाची जमीन परत मिळत नाही. प्रकल्प थांबला तेव्हा मजुरी बुडाली तीही गरिबांचीच. म्हणून पुनर्विकासाला आंधळा विरोध करणे मला पटत नाही. पण नव्या मालकाला परवानगी देण्याआधी शासनाने तीन गोष्टी कराव्यात. वादग्रस्त जमिनींचा निकाल आधी लावावा. पाणी, रस्ते आणि गावठाण यांवर ग्रामसभेची संमती बंधनकारक करावी. आणि स्थानिकांना रोजगार म्हणजे केवळ झाडलोट आणि पहारा नव्हे, तर भाडेपट्ट्याच्या उत्पन्नात गावाचा वाटा लिहून द्यावा.

यात नवीन काही नाही. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये तर जमीन राज्याच्या मालकीची असावी, म्हणजे जमीनदार राहणार नाही आणि भूमिहीन मजूरही राहणार नाही, अशी मांडणी केली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. त्या लढ्यांची मागणी नोकरीची नव्हती, जमिनीवरच्या हक्काची होती.

कोणी म्हणेल, मुळशी कुठे आणि हिंगणघाट तालुक्यातले वडनेर कुठे! पण आमचे गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. उद्या इथेही कोणी प्रकल्पाचा नकाशा घेऊन येईल. आमच्या वस्तीत सातबारा नसलेली घरे आहेत, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया आहेत. त्या दिवशी ग्रामसभेत पहिला प्रश्न 'किती लोकांना काम मिळेल?' हा नसावा. 'ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याचे काय?' हा असावा.

त्या पोराला मी हेच सांगणार आहे. बाबू, काम भेटन, पण ज्या जमिनीवर आजा राबला, तिथेच नातवाने गार्ड म्हणून उभे राहावे, याला विकास म्हणायचे का?

जयभीम!