ओकच्या बुंध्याशी

न्यू जर्सीत घराच्या आवारात ओक लावायचा म्हटलं की आपली मंडळी मला आधी खताचं विचारतात. मी त्यांना बुंध्याशी बसून बोटांनी माती बाजूला करायला सांगतो. खोड जिथे रुंदावत मुळांत उतरतं, ती जागा उघडी दिसलीच पाहिजे. नर्सरीतून आलेल्या रोपावर पुष्कळदा चार बोटं जास्तीची माती चढलेली असते. ती तशीच ठेवून रोप खड्ड्यात बसवलं, तर झाड काही वर्षं छान दिसतं आणि मग शेंड्याकडून वाळू लागतं. मुळांना हवा पुरत नाही, नवी मुळं खोडालाच वेढे घालून ते आवळतात. म्हणून खड्डा मुळांच्या गड्ड्याइतकाच खोल घ्यावा, रुंदीला मात्र दुप्पट-तिप्पट.

इथे दर वसंतात बुंध्याभोवती लाकडी चिपांची वारुळं रचतात. बघून जीव कळवळतो, कारण सतत ओली राहून साल कुजते. दोन-तीन इंचांचा थर पुरे, तोही खोडापासून वीतभर दूर.

शोभेसाठी बहुतेकांचा ओढा पिन ओककडे असतो. शंकूसारखा डौल, शरदात तांबडी पानं, तंतुमुळांमुळे चटकन जीव धरणारं झाड. पण त्याला आम्लधर्मी माती लागते. हिरवळीसाठी चुना टाकत राहिलात, तर त्याला लोह मिळेनासं होतं. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. शिवाय तुडतुडे पसरवतात तो पानं करपवणारा जिवाणूरोग या झाडाला फार लागतो, आणि त्यावर कायमचा इलाज नाही.

माझं मन पांढऱ्या ओकवर आहे. त्याचं फळ शरदात जमिनीवर पडताच रुजतं आणि थंडीआधी सोटमूळ खाली सोडतं. खारींना हे ठाऊक असतं. पुरण्याआधी त्या अंकुराचं टोकच कुरतडून टाकतात. त्यामुळे वाफ्यावर जाळी हवीच. कुंडीत सोटमूळ वळतं, म्हणून रोप लहान असतानाच जमिनीत लावावं. छाटणी ऐन हिवाळ्यात, एकच शेंडा राखून. उन्हाळ्यातल्या ताज्या जखमेवर रोग वाहणारे भुंगे येतात.

न्यू जर्सीतल्याच सेलमचा पांढरा ओक 2019 मध्ये कोसळला, तेव्हा तो 500 वर्षांहून जुना मानला जाई. त्याच्या फळांपासून वाढवलेली रोपं राज्यातल्या गावांना दिली गेली.

अंगण मोठं असेल तर घरापासून निदान 30 फुटांवर एक पांढरा ओक जरूर लावा. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात त्याला आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या.